नवोदयची यादी लागल्यावर परीक्षा पालकांची

जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश म्हणजे बारावीपर्यंत निवासी शिक्षण, तेही जवळपास मोफत. म्हणून पाचवीतल्या मुलांचे पालक १०० गुणांच्या निवड परीक्षेसाठी धडपडतात. ही संधी एकदाच मिळते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. पण त्यासाठी तिसरी ते पाचवी ग्रामीण शाळेतच झालेली लागते. मजुरीसाठी मधेच शहरात गेलेल्या कुटुंबाचे मूल या कोट्याबाहेर जाते.

बौद्ध कुटुंबांची अडचण याहून वेगळी. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. पण केंद्राच्या यादीत जाती आहेत, धर्म नव्हे. नुसते ‘बौद्ध’ लिहिलेला दाखला तिथे अडतो. मूळ जातीची नोंद असलेला, केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. १९५६ साली जी जात टाकली, तीच कागदावर लिहायची, हे बोचते. तरी घटनात्मक हक्क त्याच नोंदीवर उभा आहे.

निकालानंतर धावाधाव करून दाखला वेळेत मिळेलच असे नाही. विहारात आपण सराववर्ग घेतो. मुले चौथीत असतानाच दाखल्यांची शिबिरेही घेऊ या.