‘गाडी घेऊन टाका’ या सल्ल्याविषयी

नव्या शहरात रुजू झालेल्या अध्यापकाला पहिल्या आठवड्यात तीन प्रश्न विचारले जातात : मूळचे कुठले, राहता कुठे आणि येता कसे. पहिल्या दोहोंची उत्तरे ऐकून घेतली जातात. तिसऱ्याचे उत्तर मात्र विचारणाऱ्याजवळ आधीच तयार असते : ‘गाडी घेऊन टाका.’ आम्ही तिघे मराठीचे अध्यापक, वेगवेगळ्या वर्षी नांदेड, अमरावती आणि चिपळूण येथून पुण्यात आलो. तिघांनाही हा सल्ला जवळजवळ याच शब्दांत मिळाला. देणाऱ्यांत ग्रंथपाल होते, घरमालक होते, परिवर्तनाच्या चळवळीत आयुष्य घालवलेले एक निवृत्त प्राध्यापकही होते. पुण्यात एवढे एकमत दुर्मीळ. म्हणूनच त्याची झडती घ्यावी असे आम्हाला वाटले.

व्याकरणापासून सुरुवात करू, कारण तेवढेच आम्हाला अधिकाराने येते. ‘गाडी घ्या’ आणि ‘गाडी घेऊन टाका’ यांत फरक आहे. ‘टाकणे’ हे सहायक क्रियापद मराठीत एखादा व्यवहार एकदाचा संपवण्यासाठी येते. सांगून टाका, विकून टाका, जुने कपडे देऊन टाका. त्यात एक प्रकारची सुटका असते. शहरात ये-जा कशी करावी हा प्रश्न विचारायचा, त्यावर विचार करायचा, कुणाशी भांडायचे, थांब्यावर उभे राहून काही पाहायचे, हे सारे ‘टाकून’ मोकळे व्हा, असे हा सल्ला सांगतो. ज्याने गाडी घेतली त्याच्यापुरता प्रश्न सुटतो हे खरेच आहे. पण तो प्रश्न त्याच्यापुरता होता, हे कोणी ठरवले?

‘सर्वोत्तम मार्ग’ म्हणून आज आपल्याला जे दाखवले जाते ते मोबाइलच्या पडद्यावरील मिनिटांचे आकडे असतात. दुचाकीने इतकी, मोटारीने इतकी, बसने इतकी. हे आकडे खोटे नसतील. पण त्यांत गृहीत धरलेला माणूस कोण आहे ते पाहावे. तो एकटा आहे, धडधाकट आहे, त्याच्याजवळ वाहन आहे आणि ते लावायला जागा मिळेलच याची त्याला खात्री आहे. त्याच्या खांद्यावर तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा नाही, पाठीमागे म्हातारी आई नाही. तो रस्त्यावर आल्याने दुसऱ्या कुणाची मिनिटे वाढतील काय, हा हिशेब त्या पडद्यावर कुठेच नसतो. साहित्याच्या वर्गात एखाद्या कादंबरीचा निवेदक इतका आत्ममग्न निघाला तर आपण विद्यार्थ्यांकडून त्यावर पाच गुणांची टीप लिहून घेतो.

येथे एक कबुली देणे न्याय्य होईल. पुण्यात दुचाकीने जे केले त्याला तुच्छ लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही, आम्हाला तर नाहीच. लुना १९७२ मध्ये बाजारात आली. बजाजचा चेतकही त्याच वर्षीचा, आकुर्डीचा. सायकलींचे शहर दुचाकींचे शहर झाले त्यामागे ही गिरणगावासारखी जवळची कारखानदारी आहे. रुमालाने चेहरा बांधून स्कूटीवरून एकटी निघालेली मुलगी हे पुण्यातले एक स्वतंत्र चित्र आहे. रात्री साडेनऊला नाटकाच्या तालमीहून कुणाच्या भावाची वाट न पाहता घरी जाणे ही लहान गोष्ट नव्हे. आमच्यातील एकीने हे स्वातंत्र्य पुरते उपभोगले आहे आणि त्याविषयी ती एक शब्दही ऐकून घेणार नाही. आमचा आक्षेप गाडीवर नाही. एका विशिष्ट परिस्थितीत मिळालेल्या उत्तराला सर्वांचे उत्तर करून टाकण्यावर आहे.

तो आक्षेप आमच्या मनात पुस्तकातून आला असता तर बरे दिसले असते. तो आला डिफॉल्टर लिस्टमधून.

गेल्या वर्षी तृतीय वर्ष मराठी विशेषच्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. गाव बीड जिल्ह्यातले, राहणे वाघोलीत थोरल्या बहिणीच्या खोलीवर. आमचा पहिला तास साडेसातचा. ती महिन्यातून आठ-दहा वेळा पावणेआठला दाराशी उभी राही. उशीर झालेल्याला आत घ्यायचे, पण हजेरी लावायची नाही, असा आमचा नियम. तो आम्हीच केलेला, आणि आम्हाला तो उदारही वाटत असे. सत्राच्या अखेरीस पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेलेल्यांत तिचे नाव निघाले. तिने अर्ज लिहिला : ‘बस न थांबल्याने उशीर होतो.’ विभागात तो अर्ज मोठ्याने वाचला गेला आणि हसणेही झाले. ‘रोजच कशी थांबत नाही?’ असे कोणी तरी म्हणाले. कोणी म्हणजे आमच्यातीलच एक. तोच मग पुढच्या सोमवारपासून सहा दिवस वाघोलीच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला. यात विद्यार्थिनीविषयी कळवळा किती आणि तिचा खोटेपणा पकडण्याची उत्सुकता किती, हे त्याने अद्याप नीट सांगितलेले नाही.

त्याने जे पाहिले ते असे. पहाटे सहाच्या आधी थांब्यावर चाळीसेक माणसे असतात. धुणीभांडी करणाऱ्या बायका, सुरक्षारक्षक, डबेवाल्या खानावळीतली पोरे, आणि आपले विद्यार्थी. बस आधीच भरून येते. चालक ती थांब्यावर न थांबवता पुढे पन्नास पावलांवर हळू करतो, कारण थांब्यावर थांबली तर दार बंद होणार नाही. मग धावणे. चढलेल्यांचे दप्तर बसलेल्यांच्या मांडीवर जाते. वाहकाला शिव्या घालण्यात अर्थ नाही, तोही दोन माणसांच्या मधोमध चेपलेला असतो. खराडी बायपासपाशी सारे थांबते. रामवाडीला उतरून मेट्रो पकडली की वीस-पंचवीस मिनिटे माणसाला माणूस असल्यासारखे वाटते, आणि मग पुन्हा चालणे. सहा दिवसांपैकी दोन दिवस तो साडेसातच्या आत वर्गात पोहोचला. उरलेल्या चार दिवशी त्याला उशीर झाला, आणि त्याची गैरहजेरी कुणीही लावली नाही.

‘तिला म्हणावे स्कूटी घे,’ हा सल्ला तेव्हाही आला. तिच्या वडिलांच्या नावावर दोन एकर कोरडवाहू आहे. आणि ती अठरा वर्षांची झाल्यावर मिळालेले पहिले ओळखपत्र मतदानाचे होते, वाहन परवान्याचे नव्हे. असो.

यावर विकासाचे जाणकार म्हणतील की मेट्रो झाली आहेच, थोडा धीर धरा. मेट्रो खरोखर चांगली आहे; आम्ही तिच्यावर प्रसन्न आहोत. पण ती कशी आली तेही आठवावे. ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे महाविद्यालय एवढाच तुकडा आणि पिंपरीकडे फुगेवाडीपर्यंतचा दुसरा. १ ऑगस्ट २०२३ ला रुबी हॉल आणि सिव्हिल कोर्ट. ६ मार्च २०२४ ला रामवाडी. २९ सप्टेंबर २०२४ ला जमिनीखालून स्वारगेट. प्रत्येक तुकड्याबरोबर काही माणसांचा ‘सर्वोत्तम मार्ग’ बदलला आणि त्यांनी तो लगेच सर्वांना सांगायला सुरुवात केली. ‘मेट्रोने का येत नाही?’ हा नवा प्रश्न. स्थानकापासून दहा मिनिटांच्या अंतरावर ज्याचे घर आहे त्याने तो विचारावा, यात नवल नाही. रामवाडीच्या पुढे राहणाऱ्याला मात्र मेट्रोपर्यंत पोहोचण्यासाठी बसच लागते, आणि बसची गोष्ट आपण कशी लिहिली?

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या रस्त्यावर बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाली. बीआरटी हा शब्द पुणेकराने पुढे विनोदासाठी वापरला. त्यात काही वाटा त्या बांधकामाचाही होता. २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून पीएमपीएमएल झाली. लोक अजून पीएमटीच म्हणतात, यावरून नामांतराने किती बदलले ते समजावे. नगर रस्त्यावर, म्हणजे आमच्या विद्यार्थिनीच्या रस्त्यावर, २०१६ मध्ये बसची मार्गिका आली आणि २०२३ मध्ये तिचा येरवड्याकडील भाग काढून टाकण्यास सुरुवात झाली. पुन्हा ‘टाकणे’. कारण दिले गेले वाहतूककोंडीचे. कोंडी करणारी वाहने कोणती आणि जागा कोणाची काढून घेतली गेली, हे दोन प्रश्न शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. याच शहरात नोंदलेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याची बातमी २०१८ मध्ये आली होती, आणि आम्ही ती चहाबरोबर वाचली होती.

१ जून २०२५ पासून बसचे किमान भाडे पाचावरून दहा रुपये झाले आणि दैनिक पास चाळीसवरून सत्तर. गाडीवाल्याला यात काहीच कळले नाही. आमच्या विभागात त्या आठवड्यात या विषयावर एकही वाक्य उच्चारले गेले नाही. पेट्रोल एक रुपयाने वाढते तेव्हा शिक्षककक्षात अर्थशास्त्राचे चर्चासत्र होते. आणखी एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. १७ मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे. बीडहून निघालेली मुलगी नगरमार्गे वाघोलीपर्यंत अर्ध्या भाड्यात येते. पण ती योजना एसटीची, शहरबसची नव्हे. गावाहून सुटीनंतर परतणे हा शासनाच्या लेखी सन्मानाचा प्रवास आहे. वाघोलीहून रोज वर्गात येणे हे ज्याचे त्याने पाहावे.

आता साहित्याकडे, कारण वाचक विचारतील की हे सारे या जागी कशासाठी. आम्ही ‘महानगरीय जाणीव’ शिकवतो. नारायण सुर्वे शिकवतो, ‘गोलपिठा’ शिकवतो, ‘वासूनाका’वरील वादाची टिपणे देतो. ‘महानगरीय साहित्यातील परात्मता स्पष्ट करा’ हा प्रश्न आम्ही किती वेळा काढला याची मोजदाद नाही. उत्तरात गर्दी यायलाच हवी असते : गर्दीत हरवलेला, चेहरा नसलेला माणूस. हे उत्तर लिहिणारी मुलगी त्या सकाळी चाळीस माणसांत उभी राहून आलेली असते, अनोळखी बाईच्या मांडीवर तिचे दप्तर असते, आणि त्या बाईने तिला ‘पेपर हाय का आज?’ असे विचारलेले असते. परात्मतेचा पत्ता शोधायचाच तर काच वर करून एकट्याने गाडी हाकणाऱ्या तिच्या प्राध्यापकाकडे आधी जावे. पण तसे लिहिले तर गुण मिळणार नाहीत, हे तिला ठाऊक असते.

आपल्या वाङ्मयाचे सार्वजनिक वाहनाशी असलेले नाते आम्ही समीक्षकांनी फार गंभीरपणे घेतलेले नाही. पु. लं.ची ‘म्हैस’ आडवी येते ती एसटीला, आणि त्यामुळेच एका मुक्कामासाठी का होईना, एक अख्खा समाज रस्त्यावर उतरून बोलू लागतो. कोलटकरांची इंग्रजी ‘जेजुरी’ (१९७६) देवळापासून सुरू होत नाही. ती सुरू होते एसटीच्या बसपासून. म्हैस एखाद्या मोटारीला आडवी आली असती तर तिच्यातून विम्याचा दावा निघाला असता, कथा नव्हे. मुंबईच्या लोकलने मराठी कथेला आणि कवितेला जे दिले त्याच्या शतांशही पुण्याच्या दुचाकीने दिलेले नाही, असे आमचे मत आहे. कोणी प्रतिवाद केल्यास आनंद वाटेल. हेल्मेटात शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही. (हेल्मेट घालणाऱ्यांपुरते हे विधान घ्यावे, पुण्यात ती संख्या वादग्रस्त आहे.)

आम्ही संत झालो आहोत असा कोणाचा समज होऊ नये. आमच्यातील एक अजूनही पावसाळ्यात रिक्षाने येतो. दुसरीची स्कूटर आहेच. तिसऱ्याने आठवड्यातील तीन दिवस बस आणि मेट्रो असे ठरवले आहे आणि ते दोनवर येत चालले आहे. सोयीचे वाहन सोडा असे सांगण्याचे धाडस आमच्यात नाही. पण ज्या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांचा रस्ता एकदाही स्वतः चालून पाहिलेला नाही त्याने हजेरीपटावर लाल शाई वापरू नये, एवढे आम्ही म्हणू, आणि ते म्हणण्याची लाज वाटण्याइतकी लाल शाई आम्ही वापरून झालेली आहे.

विभागाच्या बैठकीत आम्ही दोन गोष्टी मांडल्या. पहिला तास साडेसातऐवजी सव्वाआठला घ्यावा. आणि प्रवेशअर्जात पत्त्याखाली विद्यार्थी कसा येणार आहे, किती वाहने बदलून, हा एक रकाना असावा. दुसरी सूचना ‘चांगली आहे’ म्हणून मंजूर झाली. पहिल्या सूचनेवर दुपारच्या सत्राच्या खोल्यांची अडचण निघाली, घरी मुलांच्या शाळेच्या वेळा निघाल्या, आणि एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले की सव्वाआठला नगर रस्त्यावर गर्दी कमी असते काय. प्रश्न योग्य होता. आमच्याजवळ त्याचे उत्तर नव्हते. ठराव पुढील बैठकीपर्यंत तहकूब आहे. विद्यार्थिनीचा अर्ज मान्य झाला, तिने परीक्षा दिली, आणि परात्मतेच्या प्रश्नाला तिने पाठ्यपुस्तकातले उत्तर लिहिले.

जूनमध्ये लातूरहून एक नवे सहकारी रुजू व्हायचे आहेत. परवा त्यांचा फोन आला होता. ‘सर, तिकडं यायला सगळ्यात बरं काय पडतं?’ आम्ही त्यांना आधी घर कुठे घेताय ते विचारले. मग बसथांबा, मेट्रोचे स्थानक आणि दोहोंमधले पंधरा मिनिटांचे चालणे सांगितले. छत्री आणायला सांगितली.