सार्वमत आणि नेतृत्वाची पळवाट

ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावे काय, या प्रश्नावर २३ जून २०१६ रोजी सार्वमत झाले. १,७४,१०,७४२ मतदारांनी बाहेर पडण्याचा आणि १,६१,४१,२४१ मतदारांनी संघात राहण्याचा कौल दिला. टक्केवारीच्या भाषेत ५१.९ विरुद्ध ४८.१. मतदान ७२.२ टक्के झाले. १९९२ नंतरच्या कोणत्याही सार्वत्रिक निवडणुकीत तोवर इतक्या प्रमाणात लोक मतदानाला आले नव्हते. असा स्पष्ट निकाल लागूनही प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडावे लागले. दरम्यान डेव्हिड कॅमेरन आणि थेरेसा मे हे दोन पंतप्रधान गेले, दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या, आणि सरकार व पार्लमेंट यांच्यातला तंटा सर्वोच्च न्यायालयाच्या दारी गेला. या गोंधळाचा दोष काही जण मतदारांच्या अज्ञानाला देतात, तर काही जण जनतेचा कौल मोडू पाहणाऱ्या उच्चभ्रूंना देतात. दोन्ही उत्तरे आपापल्या गोटाला सोयीची आहेत. मतदारांना काय विचारले गेले आणि ते कोणी व कशासाठी विचारले, या प्रश्नाला मात्र दोन्ही गोट बगल देतात.

ब्रिटिश राज्यव्यवस्थेत सार्वमताला परंपरेने स्थान नव्हते. प्रतिनिधीने मतदारांचा केवळ निरोप्या न होता स्वतःच्या विवेकाने वागावे, असे एडमंड बर्क याने १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांना ऐकवले होते. १९४५ मध्ये पार्लमेंटची मुदत सार्वमताने वाढवावी, अशी सूचना चर्चिल यांनी केली तेव्हा ॲटली यांनी ती झिडकारली. नाझी आणि फॅसिस्ट राजवटींनी वापरलेले हे साधन आपल्या परंपरेला परके आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. तीस वर्षांनी त्यांच्याच मजूर पक्षाच्या हॅरॉल्ड विल्सन यांनी ते साधन हाती घेतले. त्यामागे तत्त्वचिंतन वगैरे काही नव्हते. एडवर्ड हीथ यांच्या हुजूर पक्षीय सरकारने १ जानेवारी १९७३ पासून ब्रिटनला युरोपीय सामायिक बाजारपेठेत नेले होते आणि त्या प्रश्नावर मजूर पक्ष दुभंगण्याच्या बेतात होता. विल्सन यांनी मंत्र्यांना परस्परविरोधी प्रचाराची मुभा दिली, ५ जून १९७५ रोजी लोकांना विचारले आणि ६७ टक्के मतांनी सभासदत्व टिकवले. हुजूर पक्षाच्या नव्या नेत्या मार्गारेट थॅचर तेव्हा राहण्याच्या बाजूने बोलत होत्या आणि मजूर पक्षाचे टोनी बेन बाहेर पडण्याच्या! विल्सन यांनी वेळ मारून नेली, पण घाव भरला नाही. १९८१ मध्ये मजूर पक्षातून एक गट फुटला, त्यामागे युरोपचा प्रश्नही होता. १९८३ च्या निवडणुकीत तर बाजारपेठेतून बाहेर पडण्याचे वचनच मजूर पक्षाने जाहीरनाम्यात दिले. पक्षातले भांडण जनतेच्या अंगणात नेऊन ते मिटत नाही, हे तेव्हाच दिसले होते.

कॅमेरन यांनी जानेवारी २०१३ मध्ये सार्वमताचे आश्वासन दिले तेव्हा त्यांच्यापुढे विल्सन यांच्या यशाचा अर्धाच इतिहास असावा. हुजूर पक्षातला युरोपविरोधी गट त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता आणि बाहेरून नायजेल फराज यांचा पक्ष मते ओढत होता. २०१५ च्या निवडणुकीत त्या पक्षाला सुमारे ३९ लाख, म्हणजे १२.६ टक्के मते पडली आणि जागा मिळाली फक्त एक. मतदारसंघाच्या गणितात ज्यांच्या मताला एरवी मोल नव्हते, त्यांच्या हाती वर्षभरात असे साधन आले की ज्यात प्रत्येक मत सारखे मोजले जाणार होते. बंद पडलेल्या कारखान्यांच्या गावांनी आणि उजाड होत चाललेल्या किनारपट्टीने ते वापरले. यात नवल कसले?

त्या सार्वमताचा कायदा मात्र अत्यंत ढिला होता. निकाल कायद्याने बंधनकारक नव्हता आणि किमान मतांची अटही नव्हती. अशी अट घालण्याचे उदाहरण ब्रिटनमध्येच होते. १९७९ मध्ये स्कॉटलंडला स्वतंत्र विधानसभा द्यावी काय, यावर मत घेताना एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांची संमती आवश्यक ठरवली होती. ५१.६ टक्के मते बाजूने पडूनही ती एकूण मतदारांच्या ३२.९ टक्केच भरली आणि योजना बारगळली. ती अट न्याय्य होती की नव्हती, हा वादाचा मुद्दा आहे. पण निदान नियम आधी ठरला होता. २०१६ मध्ये त्याहून मोठी उणीव राहिली. ‘राहणे’ म्हणजे काय ते सर्वांना ठाऊक होते. ‘बाहेर पडणे’ म्हणजे काय ते कोणीही लिहून दिले नव्हते. नॉर्वेप्रमाणे एकसंध बाजारात राहायचे, जकातसंघ ठेवायचा, की सारे दोर कापायचे? एका शब्दात तीन-चार वेगवेगळी भवितव्ये दडली होती आणि त्या सर्वांची मते एकाच पेटीत पडली.

या बाबतीत गोव्याचा जनमत कौल आठवल्यावाचून राहत नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीयांना महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे, असे विचारले गेले. फूल आणि दोन पाने या दोन चिन्हांमागे उभे असलेले दोन्ही पर्याय प्रत्यक्षात कसे असतील, हे मतदाराला माहीत होते. वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणासाठी १,३८,१७० मते पडली. अंतर ३४,०२१ मतांचे होते, पण निकालाच्या अर्थाविषयी संदिग्धता उरली नाही. विशेष म्हणजे विलीनीकरणवादी दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने कौलापूर्वी राजीनामा दिला होता. विलीनीकरण हरले; तरी काही आठवड्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा सत्ता दिली. एखाद्या प्रश्नावर नेत्याशी असहमत होणे आणि त्याला नेता मानणे, या दोन गोष्टी मतदाराने वेगळ्या ठेवल्या. ब्रिटनमध्ये कॅमेरन यांनी स्वतःच एका बाजूची धुरा वाहिली, आणि निकालाच्या सकाळी राजीनामा जाहीर करून निस्तरण्याचे काम दुसऱ्यांवर टाकले.

ते थेरेसा मे यांच्या वाट्याला आले. त्या स्वतः राहण्याच्या बाजूच्या होत्या. एकसंध बाजार आणि जकातसंघ दोन्ही सोडायचे, असे त्यांनी ठरवले. मतपत्रिकेवर यातले एक अक्षरही नव्हते. मग आयर्लंडचा पेच उभा राहिला. १९९८ च्या करारानंतर उत्तर आयर्लंड आणि आयर्लंडचे प्रजासत्ताक यांच्या सीमेवरची ठाणी गेली होती. ब्रिटन जकातसंघाबाहेर गेला तर मालाची तपासणी कोठेतरी करावी लागणार. जमिनीवर केली तर शांतता धोक्यात, समुद्रात केली तर उत्तर आयर्लंड उरलेल्या राज्यापासून दूर. हे कोडे प्रचारात फारसे कोणी मांडले नव्हते. १५ जानेवारी २०१९ रोजी मे यांचा करार २०२ विरुद्ध ४३२ मतांनी फेटाळला गेला. मार्चअखेर सभागृहाने आठ पर्यायांवर मते घेतली आणि एकालाही बहुमत दिले नाही. कशाला नकार द्यायचा याबद्दल पार्लमेंटला शंका नव्हती. अडत होते ते होकारापाशी.

बोरिस जॉन्सन यांनी ही गाठ सोडवण्याऐवजी तोडली. पार्लमेंट पाच आठवडे स्थगित करण्याचा त्यांचा सल्ला सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी २४ सप्टेंबर २०१९ रोजी एकमताने बेकायदा ठरवला. बंड करणाऱ्या एकवीस हुजूर सभासदांना त्यांनी संसदीय पक्षाबाहेर काढले. त्यांत चर्चिल यांचा नातूही होता. डिसेंबरच्या निवडणुकीत त्यांना ८० चे मताधिक्य मिळाले. सीमेचे कोडे त्यांनी समुद्रात सोडवले, आणि त्याची डागडुजी ऋषी सुनाक यांना २०२३ मध्ये करावी लागली.

राहण्याच्या बाजूचे लोकही निर्दोष नव्हते. आठवड्याला ३५ कोटी पौंड वाचतील, ही प्रतिपक्षाच्या बसवरची थाप त्यांनी उघडी पाडली, ते योग्यच. पण अर्थमंत्री ऑस्बोर्न यांनी दाखवलेला तातडीच्या कठोर अंदाजपत्रकाचा बागुलबुवाही कधी प्रत्यक्षात आला नाही. युरोपविषयी आस्थेने बोलण्याचे सोडून त्यांनी केवळ भीती विकली. निकालानंतर दुसऱ्या सार्वमताची मागणी झाली. प्रत्यक्ष करार समोर आल्यावर पुन्हा विचारावे, हा युक्तिवाद तत्त्वतः बिनतोड होता. मात्र तो करणाऱ्यांपैकी अनेकांनी पहिल्या दिवसापासून विजयी मतदारांची अक्कल काढली होती. मग तो ऐकणार कोण?

मतदानाचा हक्क कोणाला होता, हेही पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुलातील नागरिकांना तो होता. युरोपीय देशांच्या नागरिकांना, आयर्लंड, माल्टा व सायप्रस वगळता, नव्हता. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते. त्या पारपत्रावर अनेक गोवेकर युरोपीय नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये गेले आणि स्विंडनसारख्या गावांत स्थिरावले. भारतीय पारपत्रावर लंडनला नोकरीस गेलेला पुण्याचा अभियंता ब्रिटन युरोपात राहावा की नाही हे ठरवू शकत होता. ज्याचे तेथील वास्तव्यच त्या निकालावर अवलंबून होते, तो पोर्तुगीज पारपत्रधारक गोवेकर मात्र गप्प बसून निकाल पाहत होता. स्विंडनने बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले. ३१ डिसेंबर २०२० ला संक्रमणकाळ संपला आणि पणजीहून लिस्बनमार्गे जाणारी ती वाट नव्या गोवेकरांसाठी बंद झाली.

स्कॉटलंडचा प्रश्न मात्र उघडा आहे. २०१४ मध्ये तेथील ५५ टक्के मतदारांनी ब्रिटनमध्ये राहण्याचा कौल दिला, तेव्हा युरोपीय संघातली जागा टिकवायची तर हेच करावे असे त्यांना बजावण्यात आले होते. दोन वर्षांनी ६२ टक्के स्कॉटिश मतदारांनी युरोपात राहण्याच्या बाजूने मत दिले आणि तरीही त्यांना बाहेर जावे लागले. वेस्टमिन्स्टरच्या संमतीविना स्कॉटिश पार्लमेंटला नवे सार्वमत घेता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. ती संमती केव्हा आणि कोणत्या अटींवर द्यावी, हे लंडनमधल्या एकाही मोठ्या पक्षाने अद्याप सांगितलेले नाही.