रुग्णाला उचलताना



रुग्णभेटीस गेलो की खाटेवरील माणसाइतकीच त्याच्या उशाशी बसणाऱ्याचीही मी आता चौकशी करतो. ह्याला कारण एका घरी पाहिलेली गोष्ट. अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेल्या सासूबाईंची सेवा त्यांची सून मनोभावे करीत असे. दिवसातून कितीदा तरी ती एकटीच त्यांच्या काखेत हात घालून त्यांना वर ओढी. वर्ष उलटण्यापूर्वीच तिची कंबर धरली आणि एका घरात दोन खाटा पडल्या. कष्टांचे तिला भय नव्हते. उचलावे कसे, हे मात्र तिला कोणीच सांगितले नव्हते.

पहारेने धोंडा उलथणाऱ्यास ह्यातील मर्म सहज कळेल. पाठीचा कणा हा टेकू. पुढे हातांतील ओझे, मागे पाठीचे स्नायू. हे स्नायू टेकूपासून जेमतेम २ इंचांवर असतात. म्हणून १० किलोंचे ओझे कण्यापासून २० इंच दूर धरले, तर ते तोलण्यास स्नायूंना सुमारे १०० किलोंचा जोर लावावा लागतो, आणि तो सारा भार मणक्यांमधील चकत्यांवर पडतो. वाकल्यास आपल्याच धडाचे वजन त्यात मिळते. ओझे अंगाशी घेतले की हा भार झपाट्याने उतरतो.

अमेरिकन संशोधक थॉमस वॉटर्स ह्यांनी २००७ साली असे मांडले की, परिस्थिती अनुकूल असली तरी रुग्णाला हातांनी उचलताना एका माणसावर सुमारे १६ किलोंहून अधिक भार येऊ नये. प्रौढ मनुष्य तर ह्याच्या तिप्पट-चौपट भरतो. शय्याव्रण होऊ नयेत म्हणून त्याची कूस साधारणतः दर दोन तासांनी, म्हणजे दिवसाकाठी बारा वेळा, बदलावी लागते. तेव्हा पहिला नियम हाच की, शक्यतो उचलू नये, वळवावे, सरकवावे.

कुशीवर घेताना रुग्णाचा पलीकडील गुडघा उभा करावा, हात छातीवर ठेवावा आणि खांदा व कंबर धरून त्याला हळूच आपल्याकडे वळवावे. उशीकडे सरकविण्यासाठी जाड चादर दुहेरी करून खांद्यांपासून मांड्यांपर्यंत त्याच्याखाली घालावी. दोघांनी दोन बाजूंनी तिची कड गुंडाळून अंगाजवळ धरावी व एकाच वेळी सरकवावे. पाय फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले असावेत. कंबरेत पीळ न देता पावलेच वळवावीत. अंथरूण जमिनीवर असल्यास ओणवे न राहता गुडघा टेकून जवळ बसावे. रुग्णाला आपल्या गळ्यात हात घालू देऊ नयेत. आणि लुळ्या हाताला धरून त्याला कधीही ओढू नये, खांदा निखळण्याचे भय असते.

परंतु केवळ रीत शिकून भागत नाही. दुसरे दोन हात लागतातच. आई घरात एकटी झुंजत असता ओट्यावर बसून राहणाऱ्या पुत्रांनी व पतींनी हे ध्यानी घ्यावे. चादरीची दुसरी कड धरण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. घरी कोणी नसेल तर शेजाऱ्यास हाक मारण्यात कमीपणा नाही.

शेजाऱ्यावरील प्रीतीचे माप म्हणून प्रभूने स्वतःवरील प्रीतीच सांगितली आहे. सेवा करणाऱ्याने आपली पाठ सांभाळणे हा स्वार्थ नव्हे. उद्याचीही सेवा त्याच पाठीवर उभी आहे.