आरामखुर्चीचे वकील

आडवी सायकल, म्हणजे रिकम्बंट, घेणाऱ्या नवख्यांना एक सद्गृहस्थ हल्ली फुकट सल्ले वाटत फिरतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : ही सायकल म्हणजे चाकांवरची आरामखुर्ची. टेकून बसायचं, पाय पुढे करून पेडल मारायचं. मापंबिपं हे शर्यतवाल्यांचे चोचले. पाय पोचले की सायकल बसली! गुडघा दुखला तर महिनाभर रेटा, शरीर सवय करून घेतं. तरीही दुखलाच, तर नाचता येईना अंगण वाकडं.

म्हण झकास आहे. पंचाईत एवढीच, की इथे अंगण खरोखरच वाकडं असतं आणि अ‍ॅलन की घेऊन बसलं तर सरळही होतं.

आरामखुर्चीत बसून कुणी मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा पाय फिरवत नाही, ही किरकोळ बाब गृहस्थांच्या नजरेतून सुटली असावी. साध्या सायकलची सीट चुकीच्या उंचीवर असली तरी माणूस निभावून नेतो. पुढे सरकतो, मागे सरकतो, चढ आला की पेडलवर उभा राहतो. आडव्या सायकलवर ही पळवाट नाही. मागे पाठीचा टेकू, पुढे पेडल, आणि मधल्या ठरलेल्या अंतरात तुमचा पाय. हे अंतर ठरवतो पुढचा दांडा, म्हणजे बूम. काही सायकलींत बूमऐवजी सीटच सरकते. बूम आखूड असला तर गुडघा दर फेरीला गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि वाटीपाशी दुखू लागतो. लांब असला तर कंबर डावी-उजवीकडे डुलते, गुडघ्याची मागची बाजू आणि टाचेवरची शीर ताणली जाते. त्यात जोराचा हिशेब वेगळाच. साध्या सायकलवर फार जोर लावला तर अंगच सीटवरून उचललं जातं. इथे पाठ टेकलेली, अंग हलायला जागा नाही; सगळा जोर गुडघ्यातून जातो. म्हणजे गृहस्थ ज्या टेकूचे गोडवे गातात, तोच टेकू चुकीच्या मापाची दामदुप्पट वसुली करतो. आणि हे म्हणतात, महिनाभर रेटा! महिनाभराने सवय होते ती बाम चोळण्याची.

‘पाय पोचले की झालं’ ही परीक्षाही तशीच. साध्या सायकलवर पेडल खाली आणून टाच टेकवून बघतात, म्हणून इथेही पेडल खालीच आणणारे महाभाग आहेत. आडव्या सायकलवर पेडल सर्वांत लांब जातं ते समोर, क्रँक पायाच्या रेषेत आल्यावर. तिथे टाच ठेवून पाय जेमतेम सरळ व्हावा. मग टाचेऐवजी चवडा ठेवला, की गुडघ्यात साधारण 25 ते 30 अंशांचा बाक उरतो. एवढंच बघायचं असतं, पण बघायला वाकावं लागतं.

बाकीच्या तक्रारी फटाफट. तळपाय बधिर होतात? बुटाची क्लीट टाचेकडे सरकवा. बैठक दुखते? पाठ थोडी आणखी रेलवा, भार वाटला जाईल. मान अवघडते? रेलणं कमी करा किंवा डोक्याला टेकू लावा. तीनचाकीवर पाय पेडलवरून निसटून खाली अडकू शकतो, म्हणून तिथे पाय पेडलला जखडलेलेच हवेत. यातलं काहीही सवयीने सुटत नाही.

माणसानेच जुळवून घ्यावं, हा हट्ट जुनाच. 1933 साली पॅरिसमध्ये एका दुय्यम दर्जाच्या शर्यतपटूने आडव्या सायकलवर तासाभरात 45 किलोमीटरहून जास्त अंतर कापलं आणि जवळपास वीस वर्षं टिकलेला विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी नियम करणाऱ्यांनी सायकलची व्याख्या अशी आवळली, की हे यंत्र शर्यतीबाहेर गेलं. वाहन चांगलं निघालं तर व्याख्या बदलायची, वाईट बसलं तर माणसाला दोष द्यायचा. यंत्राकडे मात्र बघायचं नाही.

मग करायचं काय? फार काही नाही. भिंतीला पाठ टेकून, बूट घालून, पाय सरळ सोडून जमिनीवर बसा आणि भिंतीपासून तळव्यापर्यंत मोजून घ्या. हे माप सायकल घेण्याआधी विक्रेत्याला सांगा. जुनी घेणार असाल तर नक्कीच, कारण ती आधीच्या मालकाच्या पायाला बसवलेली असते. बूमवर टेपने खूण करा आणि एका वेळी 5 मिलिमीटरच सरकवा. बूम 1 सेंटिमीटर पुढे गेला की चेन सुमारे 2 सेंटिमीटर जास्त लागते, तेव्हा मोठा बदल केलात तर कड्या वाढवाव्या लागतील. क्रँक वाकडा बसलेला नाही ना, हे समोरून पाहा.

गुडघा दुखला तर सल्ला नको, अ‍ॅलन की मागा. आणि काम झाल्यावर बूमचे बोल्ट आठवणीने घट्ट करा.