एकाच दाराचा सौदा

गडचिरोली जिल्ह्याचा रेल्वेशी संबंध कित्येक दशके वडसा (देसाईगंज) या एकाच स्थानकापुरता राहिला. बाहेर जाण्याचे दार एकच असले, की दाराशी उभ्या असलेल्याची मर्जी सांभाळावी लागते, हे या वनप्रदेशाला निराळे शिकवावयास नको.

येथील तेंदूपानांचा व्यापार 1969 च्या कायद्याने शासनाच्या मक्तेदारीखाली आला. बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी सवलतीच्या दरात कागद गिरणीकडे जात राहिला. तेंदूच्या कायद्यामागे मजुरास मध्यस्थांच्या तावडीतून सोडविण्याचा हेतू होता, हे नाकारता येणार नाही. परंतु दुसरे गिऱ्हाईक नसले म्हणजे भाव ठरत नाही. तो सांगितला जातो.

हा नियम वनोपजापुरताच नाही. अमेरिकेतील पाम ही मोबाइल फोन बनविणारी कंपनी अडचणीत असताना तिने जून 2009 मध्ये ‘प्री’ हा नवा फोन आणला, तो केवळ स्प्रिंट या एकाच दूरध्वनी कंपनीमार्फत. स्प्रिंट स्वतःच ग्राहक गमावीत होती. अधिक मोठ्या व्हेरायझनचे दार पामला उघडले ते जानेवारी 2010 मध्ये. तोवर व्हेरायझनने मोटोरोलाच्या ‘ड्रॉइड’मागे आपले बळ उभे केले होते. एप्रिल 2010 मध्ये पामच्या विक्रीची घोषणा झाली. एकमेव कारण करार हेच नव्हे. पण दुर्बळाजवळ वेळ थोडा असतो आणि तोच या कराराने खाल्ला. ॲपलनेही 2007 मध्ये एटी अँड टीशी असाच सौदा केला होता. मात्र तिच्या फोनसाठी लोक दूरध्वनी कंपनी बदलावयास तयार होते. बंधन तेच, बळ निराळे.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेस 2009 मध्ये सामूहिक वनहक्क व 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार मिळाला. तेव्हा गिऱ्हाईक निवडण्याची मुभा गावाच्या हाती आली. आज अनेक ग्रामसभा तेंदूचे करार स्वतः करतात. हंगामाच्या तोंडावर एकाच कंत्राटदाराची आगाऊ रक्कम मोहक वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच मुदत एका हंगामाची असावी, किमान भाव लेखी असावा आणि पैसे थकल्यास माल दुसऱ्यास विकण्याची मोकळीक असावी. गरजवंताने करार अवश्य करावा. मात्र दुसऱ्या दाराची किल्ली आपल्याजवळ ठेवूनच.