तीन शब्द, चार ओळी

घागर, उत्सव, कासव. गेल्या आठवड्यात एका सकाळच्या शब्दकोड्यात हे तीन शब्द आले आणि दुपारच्या जेवणाआधीच आमच्या ग्रुपवर सिडकोतल्या मैत्रिणीच्या चार ओळी येऊन पडल्या:

नळ आला, नळ आला,
घागरींचा हा उत्सव;
बादलीच्या मागे पळे
मामा नावाचे कासव.

छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पैठणला जायकवाडीचे एवढे मोठे धरण, आणि शहरातल्या नळाला पाणी येते ते काही दिवसांच्या अंतराने. त्यामुळे पाणी आले की घराघरात खरोखरच उत्सव असतो. कवितेतले मामाही आमच्याच ग्रुपमध्ये आहेत. त्यांनी संध्याकाळी उत्तर दिले तेही ओळींतच.

आमच्या ग्रुपचा हा खेळ सोपा आहे. सकाळी सगळ्यांनी पेपरातले कोडे सोडवायचे. त्यातला एक शब्द आडवा घ्यायचा, एक उभा, आणि तिसरा ज्याने सगळ्यांत जास्त अडवले तो. रात्रीच्या जेवणापर्यंत चार ओळी. कुणाच्या आजारावर, जातीवर लिहायचे नाही. दुसऱ्याचे फॉरवर्ड केलेले काही चालणार नाही. हा शेवटचा नियम मला फार मोलाचा वाटतो. रोज सकाळी फुलांची आणि सुविचारांची चित्रे फोनवर येतात. ती कुणी कुणासाठी केलेली नसतात. चार ओळी मात्र कुणीतरी तुमचा विचार करत, बोटांवर अक्षरे मोजत लिहिलेल्या असतात.

ठरवून दिलेल्या शब्दांवर कविता करणे म्हणजे कारागिरी, ती खरी कविता नव्हे, असे म्हणणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही, आणि या शहरात राहून तर कुणालाच पटू नये. अठराव्या शतकात इथे अमृतराय होते, मध्वमुनीश्वरांचे शिष्य, कीर्तनकार. त्यांचा कटाव म्हणजे यमक-अनुप्रासांची धावती लड. शब्दातून शब्द निघतो, नादातून नाद, आणि ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळत नाही. मराठीबरोबर हिंदीतही त्यांनी रचना केली. बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९-१७९४) तर प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरे टाळून निरोष्ठ रामायण लिहिले. म्हणजे रामकथा सांगायची आणि ‘राम’ म्हणायची सोय नाही! असे बंधन आपणहून स्वीकारणाऱ्याचे भाषेवर किती प्रेम असेल.

उर्दूची वाटही इथूनच जाते. वली आणि सिराज हे कवी तेव्हाच्या औरंगाबादचे. वलीचा दीवान, म्हणजे कवितासंग्रह, १७२० च्या सुमारास दिल्लीला पोचला आणि फारसीत रमलेल्या तिथल्या कवींना आपल्या बोलीत गझल लिहावीशी वाटू लागली. उर्दूत तरही मुशायऱ्याची रीत आहे. एक ओळ आधी ठरवून देतात; तिला म्हणतात मिसरा-ए-तरह. मग प्रत्येकाने त्याच वृत्तात, त्याच काफिया-रदीफात आपली गझल बांधून आणायची. संस्कृतातली समस्यापूर्ती याच घरातली. दिलेली ओळ सगळ्यांची एकच असते, म्हणून तर कोण कुठे वळला ते दिसते.

आमच्यातले एक निवृत्त शिक्षक तरही मुशायऱ्यांच्या रीतीत वाढले. घरी दखनी बोलतात, मराठी सुरेख लिहितात. हिवाळ्यात एकदा ‘हिमरू’ हा शब्द कोड्यात आला. सूचना अर्थातच आपल्या शहराच्या प्रसिद्ध वस्त्राची होती. त्यांनी लिहिले:

हिमरूची शाल अंगी,
थंडीतली ही सकाळ
घेते ऊन उधारीने,
फेडणार संध्याकाळ.

मी हे वाचून बराच वेळ दुसरे काही केले नाही. ‘उधार’ हा त्या दिवशीचा उभा शब्द होता, अगदी बाजारातला. तो उन्हाला जाऊन चिकटेल असे आमच्यापैकी कुणाच्याही मनात आले नव्हते.

शब्दकोडे तसे परदेशातून आलेले. २१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन यांचे हिऱ्याच्या आकाराचे पहिले कोडे ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापून आले. मराठीत येताना मात्र त्याचा स्वभाव बदलला. इंग्रजीत एका चौकोनात एक अक्षर, बस. आपल्याकडे चौकोनात अक्षर बसते ते काना-मात्रा-वेलांटीसकट, जोडाक्षर असले तर पूर्ण जोडाक्षर. ‘स्त्री’ एकाच चौकोनात मावते. आणि आडव्या शब्दातला ‘की’ उभ्या शब्दातही ‘की’च लागतो, ‘क’ असून भागत नाही. म्हणून कोडे रचणाऱ्याला करवत, कासव, नवल, सनद असे बिनकान्या-मात्रेचे किंवा एखाद्याच कान्याचे शब्द फार सोयीचे पडतात. ते पुन्हा पुन्हा येतात. ‘रहाट’, ‘मोट’ यांच्यासारखे कितीतरी शब्द घरातून आणि शिवारातून गेले, पण कोड्यात अजून टिकून आहेत.

तिथे ते टिकले याचा मला आनंद आहे, पण तेवढ्याने माझे समाधान होत नाही. कोड्यात रहाटाला फक्त ‘विहिरीवरील चक्र’ एवढीच ओळख उरते. तीन अक्षरे भरली की माणूस पुढे जातो. त्याच शब्दावर ओळ लिहायला बसले की तो कुरकुरतो, त्याला पाणी लागते, विहीर लागते, कुणीतरी ओढणारे लागते. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांत धाकट्या मुलीने रहाट पाहिलेला नव्हता. ती फोनवर वर्डल खेळणारी. ओळ जमेना म्हणून तिने गावी आजोबांना फोन लावला. शब्द एकच होता. आजोबा अर्धा तास बोलत राहिले. तिची कविता त्या दिवशी साधीच झाली, पण आता रहाट तिचा झाला.

या ओळी आम्ही कुठे छापत नाही, कुठल्या मंचावर म्हणत नाही. त्या पाच-सात माणसांसाठी लिहिलेल्या असतात आणि त्या माणसांपर्यंत पोचल्या की त्यांचे काम पूर्ण होते. साहित्याची मोजदाद करणाऱ्यांनी यांना कविता म्हणावे की नाही हा त्यांचा प्रश्न. माझ्या मते भाषा रोजच्या वापरात जिवंत राहते ती अशाच लिहिण्यामुळे, आणि त्याला कमी लेखणे चूक आहे.

तेव्हा उद्याचे कोडे सोडवून झाले की पेपर लगेच घडी घालून ठेवू नका. तीन शब्द निवडा, चार ओळी लिहा आणि ज्याच्याशी बऱ्याच दिवसांत बोलणे झाले नाही अशा एका मित्राला पाठवा. सोबत उत्तरासाठी तीन शब्दही द्या. यमक चुकले तरी चालेल.