गाव उठले, नाव उरले

निर्वासित म्हटले की सीमा ओलांडणारे लोंढे डोळ्यांसमोर येतात. पण देश न बदलताही माणसाचे गाव जाऊ शकते. पनवेल तालुक्यातील तरुणांच्या एका पिढीने ते अनुभवले आहे. नवी मुंबई विमानतळासाठी उलवे, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे अशी दहा गावे उठली. टेकडी फोडली गेली, नदी वळविण्यात आली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली.

पुनर्वसन झालेच नाही, असे म्हणता येणार नाही. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबावीस टक्के विकसित भूखंडाची योजना आली. वडघर, करंजाडे, पुष्पकनगर येथे नवी घरे उभी राहिली. पण घर मिळाले म्हणजे गाव मिळाले का? थोरल्यांपाशी शेताच्या, खाडीतल्या मासेमारीच्या, गावदेवीच्या जत्रेच्या आठवणी तरी आहेत. ज्यांचे शाळकरी वय या स्थलांतरात गेले, त्या मुलांचे काय? 'कुठला रे तू?' असे विचारले तर बाप गावाचे नाव सांगतो, मुलगा सेक्टरचा क्रमांक. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते ती मांडवात. अंगणच उरले नाही तर मांडव घालायचा कुठे?

असाच प्रश्न फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांपुढे होता. कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बराकी त्यांच्या वाट्याला आल्या. १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथे आजही पत्त्यात 'कॅम्प नंबर' सांगतात. पण त्या बराकींत वाढलेल्या पिढीला हे शहर परके राहिले नाही. कारण दुकाने, कारखाने, शाळा, महाविद्यालये तिच्याच माणसांनी उभारली. छप्पर सरकारने दिले होते. शहर त्यांनी घडवले.

पनवेलच्या तरुणालाही असाच वाटा हवा आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या वेळी जन्मलेही नव्हते असे तरुण जून २०२१ मध्ये विमानतळाला दिबांचे नाव द्यावे म्हणून मानवी साखळीत उभे राहिले. याला नुसते नामकरणाचे राजकारण म्हणणे सोपे आहे. ज्याचे गाव नकाशावरून पुसले गेले, तो नावाला धरून राहणारच.

म्हणून नव्या वसाहतींतील चौकांना, शाळांना जुन्या गावांची नावे द्यावीत. जत्रेला आणि क्रिकेटला पुरेल एवढे मैदान राखावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या मुलांना विमानतळावर कंत्राटी हमालीपलीकडचे, शिकून करायचे काम मिळावे. भूखंडाचा पैसा एका पिढीत संपतो. कुंपणाबाहेरून विमाने मोजणाऱ्या मुलाला ही भूमी आपली कशी वाटावी? तीच विमाने दुरुस्त करणाऱ्याला ते सांगावे लागणार नाही.